भांडण बिशप-धर्मगुरूंचं, बिऱ्हाड हललं ब्रदरांचं

अर्जेंटिनाच्या पश्चिमेला अँडीज पर्वताच्या पायथ्याशी मेंदोसा हा प्रांत आहे. पाऊस जेमतेम, पण डोंगरावरच्या बर्फाचं पाणी पाटांनी खेळवून तिथल्या लोकांनी द्राक्षमळे आणि फळबागा उभ्या केल्या आहेत. या प्रांताच्या दक्षिण भागात सान राफाएल नावाचं शहर आहे आणि त्याच नावाचा कॅथलिक धर्मप्रांत. देशाच्या राजकारणात या शहराचं नाव क्वचितच ऐकू येतं. जुलै २०२० च्या अखेरीस मात्र ते जगभरच्या कॅथलिक वर्तमानपत्रांत झळकलं. धर्मप्रांताच्या प्रवक्त्यांनी जाहीर केलं की, आपली सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारं विद्यालय, वर्षाअखेर बंद होणार, तिथे शिकणारी मुलं देशातल्या इतर सेमिनऱ्यांत पाठवली जाणार, आणि हा आदेश थेट रोमहून, व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक खात्याकडून आलेला आहे.

युरोप-अमेरिकेत सेमिनरी बंद होण्याची बातमी आता कोणाला धक्का देत नाही. आयर्लंडसारख्या देशात, जिथून एकेकाळी धर्मगुरू जगभर जात, तिथे वॉटरफर्डची सेमिनरी १९९९ मध्ये आणि थर्ल्सची २००२ मध्ये बंद झाली. मुलंच येईनात, तर वर्ग कोणासाठी भरवायचे? लोक हळहळले आणि कामाला लागले. सान राफाएलचं प्रकरण वेगळं होतं. एका बाजूच्या, मध्यम आकाराच्या धर्मप्रांताच्या या सेमिनरीत त्या वर्षी ४० च्या आसपास मुलं होती. अर्जेंटिनातल्या कितीतरी मोठ्या धर्मप्रांतांना हेवा वाटावा असा हा आकडा. वर्ग भरलेले असताना शाळेला कुलूप लागत होतं.

ठिणगी पडली ती कोरोनाच्या साथीत. अर्जेंटिनात २० मार्च २०२० पासून कडक टाळेबंदी लागू झाली आणि सार्वजनिक मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या उपासना, थांबल्या. जूनमध्ये मेंदोसा प्रांतात चर्च पुन्हा उघडायला परवानगी मिळाली तेव्हा तिथल्या बिशपांनी एक अट घातली: कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, उभं राहून आणि हातावरच घ्यायचं. गुडघे टेकून जिभेवर घेण्याची प्रथा साथ असेपर्यंत बंद. सान राफाएलचे बिशप एदुआर्दो मारिया ताउसिग यांनी ही आज्ञा आपल्या धर्मप्रांताला लागू केली. धर्मगुरूंपैकी बऱ्याच जणांनी ती पाळली नाही. त्यांचं म्हणणं असं की, जिभेवर कम्युनियन मागणाऱ्या श्रद्धावंताला परत पाठवण्याचा अधिकार आम्हाला नाही, तुम्हालाही नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. भाकर हातावर घेतली काय नि जिभेवर घेतली काय! पण मिस्सामध्ये त्या भाकरीचं ख्रिस्ताच्या शरीरात रूपांतर होतं, ही कॅथलिकांची मूळ श्रद्धा आहे. मग तिचा कण खाली सांडणं, कोणी ती खिशात घालून नेणं, या साध्या गोष्टी राहत नाहीत. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांत लोक ती हातावर घेत. पुढे मध्ययुगात जिभेवर देण्याची रीत रुजली आणि तीच पिढ्यान्‌पिढ्या चालली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर काही युरोपीय देशांत हातावर देणं सुरू झालं, तेव्हा रोमने जगभरच्या बिशपांचं मत मागवलं. बहुसंख्य बिशप बदलाच्या विरोधात होते. तरीही १९६९ च्या आदेशात रोमने एक फट ठेवली: जिथे ही प्रथा आधीच पडली आहे, तिथल्या बिशप परिषदेने दोन तृतीयांश मतांनी मागणी केली तर परवानगी मिळू शकेल. त्या फटीतून पुढे जवळजवळ सगळं जग आत शिरलं.

अर्जेंटिनाला ही परवानगी मिळाली १९९६ मध्ये, म्हणजे बरीच उशिरा. त्यातही एका बिशपने ती वापरायला साफ नकार दिला. ते होते हुआन रोदोल्फो लाइसे, सान लुईसचे कॅपुचिन बिशप. आपल्या धर्मप्रांतात कम्युनियन जिभेवरच दिलं जाईल असं त्यांनी ठरवलं आणि पुढे त्या भूमिकेच्या समर्थनार्थ पुस्तकही लिहिलं. सान लुईस आणि मेंदोसा हे शेजारी प्रांत. अँडीजच्या पायथ्याच्या या पट्ट्यात हा विषय किती ज्वलंत आहे, ते या एका उदाहरणावरून कळावं. २०२० मध्ये तो आकाशातून पडला नव्हता. जवळपास पंचवीस वर्षं राखेखाली धुमसत होता.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर दोन्हीकडे बोलायला जागा होती. व्हॅटिकनच्या २००४ च्या सूचनापत्रात लिहिलंय की, जिभेवर कम्युनियन घेण्याचा हक्क श्रद्धावंताला नेहमीच आहे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीत रोमला हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हाही उत्तर तेच आलं. सान राफाएलचे धर्मगुरू याच आधारावर उभे होते, आणि जूनमध्ये त्यांचा आधार कच्चा नव्हता. पण सप्टेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनच्या उपासनाविषयक खात्याचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांचं पत्र प्रसिद्ध झालं. गंमत अशी की, सारा हे स्वतः जिभेवरच्या कम्युनियनचे कट्टर पुरस्कर्ते म्हणून ओळखले जातात. त्यांच्या पत्रात म्हटलं होतं की, युद्ध किंवा साथीसारख्या अडचणीच्या काळात बिशप तात्पुरते नियम घालू शकतात आणि ते पाळावे लागतात. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या नॉक्सव्हिलहून आलेल्या तक्रारीला उत्तर देताना रोमने याच पत्राचा हवाला दिला आणि बिशपची बाजू उचलून धरली. थोडक्यात, ताउसिग यांना हवा होता तो निवाडा मिळाला; पण तोवर त्यांच्या सेमिनरीचं भवितव्य कधीच ठरून गेलं होतं.

बातमी फुटल्यावर सान राफाएलचे लोक रस्त्यावर आले. साथीमुळे सभा घेता येत नव्हत्या, म्हणून मोटारींच्या रांगा निघाल्या. काचांवर फलक, हॉर्नचा गजर. लोकांनी जाहीरपणे रोझरीची प्रार्थना म्हटली, बिशपना निवेदनं दिली. सेमिनरी बंद पडू नये म्हणून शहर रस्त्यावर उतरल्याचं दृश्य आजच्या काळात दुर्मीळच. प्रवक्त्यांनी दिलेलं कारण मात्र लोकांच्या अंदाजापेक्षा जास्त तिखट होतं. त्याचा आशय असा: बिशपच्या आज्ञेबाबत धर्मगुरूंच्या मोठ्या गटाने जी बेशिस्त दाखवली, त्यामुळे चर्चच्या शिस्तीशी सुसंगत असं प्रशिक्षक मंडळ उभं करणं या धर्मप्रांताला सध्या शक्य नाही. आधीच्या पंधरा वर्षांत या सेमिनरीला सात रेक्टर लाभल्याचंही त्या वेळी सांगितलं गेलं. ताउसिग बिशप झाले २००४ मध्ये. म्हणजे सरासरी दोन वर्षांतून एकदा सेमिनरीचा प्रमुख बदलत होता. हे भांडण साथीच्या आधीपासून चालू होतं, हे सांगायला आणखी पुरावा कशाला हवा?

या भांडणाचं मूळ शोधायचं तर १९८४ पर्यंत मागे जावं लागतं. सान राफाएल धर्मप्रांताची स्थापना १९६१ ची. १९७३ ते १९९१ या काळात लेओन क्रुक हे इथले बिशप होते. आपले धर्मगुरू आपल्याच मातीत घडावेत म्हणून त्यांनी १९८४ मध्ये ही सेमिनरी उभी केली आणि तिला 'देवमाता पवित्र मरिया' हे नाव दिलं. त्याच वर्षी २५ मार्चला, त्याच शहरात, क्रुक यांच्याच आश्रयाने कार्लोस मिगेल बुएला या धर्मगुरूने 'देहधारी शब्द' नावाचा नवा व्रतस्थ संघ काढला. शिस्त, पारंपरिक पोशाख, थॉमस अक्विनासच्या तत्त्वज्ञानावर भर, मिशनरी आवेश, ही या संघाची ओळख. मुलं लोटली. पुढे हा संघ अनेक देशांत पसरला. अर्जेंटिनाच्या बिशपांशी त्याचे वर्षानुवर्षं खटके उडत राहिले, आणि २०१६ मध्ये बुएला यांच्यावरचे गैरवर्तनाचे आरोप चर्चच्या चौकशीत सिद्ध झाल्याचंही जाहीर झालं. पण तो निराळा आणि मोठा विषय आहे. इथे लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की, धर्मप्रांताची सेमिनरी आणि हा संघ या दोन वेगळ्या संस्था होत्या. बाहेरच्या बातमीदारांनी त्यांची बरेचदा सरमिसळ केली. तरी दोन्ही रोपं एकाच वाफ्यात, एकाच बिशपच्या हाताखाली वाढली, हे नाकारता येत नाही.

याचा परिणाम काय झाला असेल, ते हिशेब केला की कळतं. १९८४ पासून २०२० पर्यंत छत्तीस वर्षं. एवढ्या काळात धर्मप्रांतातल्या धर्मगुरूंची फळीच्या फळी एका घरातून बाहेर पडली. सगळे एकमेकांचे वर्गमित्र, नाहीतर गुरुशिष्य. एकाच पद्धतीने मिस्सा करायला शिकलेले, एकाच दृष्टीने पाहायला शिकलेले. क्रुक गेल्यानंतर आलेले बिशप मात्र बाहेरून आले. ताउसिगही ब्वेनोस आयरेसकडचे. बाहेरून आलेला बिशप आणि आतून घट्ट बांधलेला धर्मगुरूवर्ग, अशी ही जोडी होती. बिशपने आज्ञा दिली की ती एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जात नव्हती, ती घराच्या उंबऱ्यावर अडत होती. मला तरी वाटतं की, कम्युनियनचा वाद हा निमित्तमात्र होता. खरा प्रश्न होता, या धर्मप्रांतात उद्याचे धर्मगुरू कोणाच्या साच्यातून निघणार, हा.

सेमिनरी ही संस्था जन्मालाच मुळी या प्रश्नातून आली आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धर्मगुरू होण्यासाठी ठरावीक अशी शाळा नव्हती. कोणी विद्यापीठात शिकला, कोणी मठात, बहुतेक जण गावच्या धर्मगुरूच्या हाताखाली उमेदवारी करून जमेल तेवढं शिकत. लॅटिन धड वाचता न येणारे धर्मगुरू वेदीवर उभे राहत. मार्टिन ल्यूथरच्या बंडानंतर हे अज्ञान चर्चला फार महागात पडलं. अखेर ट्रेंटच्या परिषदेने १५ जुलै १५६३ रोजी फर्मान काढलं की, प्रत्येक बिशपने आपल्या धर्मप्रांतात मुलांसाठी विद्यालय चालवावं. मुलगा किमान बारा वर्षांचा असावा, त्याला लिहिता-वाचता यावं, आणि गरिबांच्या मुलांना आधी घ्यावं; श्रीमंतांनी आपला खर्च आपण करावा. पैसा कुठून आणायचा, तर चर्चच्या इतर उत्पन्नांवर पट्टी बसवायची. इतका बारीक विचार त्या फर्मानात आहे. आणि मुख्य म्हणजे विद्यालयाचा मालक बिशप. संघ नव्हे, विद्यापीठ नव्हे, गावही नव्हे.

आजच्या चर्चच्या कायद्यातही हाच धागा आहे. जमेल तिथे प्रत्येक धर्मप्रांताची स्वतंत्र सेमिनरी असावी. नाही जमलं तर मुलांना दुसऱ्या सेमिनरीत पाठवावं किंवा काही धर्मप्रांतांनी मिळून एक काढावी. दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईशज्ञान मिळून सहा वर्षांचा अभ्यास, शिवाय आधीचं पूर्वतयारीचं वर्ष आणि शेवटचा प्रत्यक्ष कामाचा काळ. २०१६ च्या नव्या नियमावलीने या सगळ्याची फेरमांडणी केली आणि पुस्तकी अभ्यासाइतकंच वजन माणूस म्हणून घडण्याला दिलं. २०१३ च्या जानेवारीत पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी सेमिनऱ्यांचा कारभार शिक्षण खात्याकडून काढून धर्मगुरूविषयक खात्याकडे सोपवला होता. सान राफाएलचा आदेश या खात्याकडून का आला, त्याचं उत्तर इथे आहे. त्या वेळी खात्याचे प्रमुख होते कार्डिनल बेनियामिनो स्तेल्ला.

आता त्या चाळीस मुलांकडे येऊ. आपल्याकडे वसईच्या कॅथलिक घरांतून सेमिनरीत गेलेल्या मुलाला 'ब्रदर' म्हणतात. घरचे, गावचे, धर्मग्रामाचे लोक त्याला अर्धा धर्मगुरू समजूनच मान देतात. चर्चच्या कायद्याच्या लेखी मात्र तो साधा श्रद्धावंत असतो. १९७२ पूर्वी डोक्यावरचे केस कापण्याच्या विधीने तरुण धर्मसेवकांच्या वर्गात दाखल होत असे. पोप पॉल सहावे यांनी तो विधी रद्द केला. तेव्हापासून डीकनची, म्हणजे धर्मगुरूपदाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा मिळेपर्यंत, म्हणजे बहुतेक अभ्यास आटोपेपर्यंत, ब्रदर कोणत्याही धर्मप्रांताला कायद्याने जोडलेला नसतो. त्याला पगार नाही. दीक्षा मिळावी असा हक्कही त्याला नाही. दीक्षा हे चर्चने दिलेलं बोलावणं असतं आणि ते द्यायचं की नाही, हे बिशप ठरवतो. आज्ञा मोडलेल्या धर्मगुरूला निदान कायद्याने ठरवून दिलेली कारवाई असते, तिच्याविरुद्ध दाद मागायची वाट असते. ब्रदरला यातलं जवळजवळ काहीच नाही.

अर्जेंटिनात या स्थितीला आणखी एक विचित्र पैलू आहे. तिथल्या राज्यघटनेच्या दुसऱ्याच कलमात सरकार कॅथलिक उपासनेला आधार देईल असं म्हटलं आहे. १९८३ मध्ये, लष्करी राजवटीच्या शेवटच्या महिन्यांत, एक कायदा झाला आणि सेमिनरीतल्या अर्जेंटिनी मुलांच्या शिक्षणासाठी सरकारी मदत मिळू लागली. म्हणजे सरकारी हिशेबात ब्रदर दिसत होता, चर्चच्या कायद्यात जेमतेम. पुढे चर्चनेच ही सगळी मदत टप्प्याटप्प्याने सोडायचं ठरवलं आणि २०२३ च्या अखेरीस ती पूर्ण थांबली. लहान धर्मप्रांतांना स्वतःची सेमिनरी चालवणं आता आणखी जड जाणार, हे उघड आहे.

सेमिनरी बदलणं म्हणजे कॉलेज बदलण्यासारखं, असं कोणी म्हणेल. तसं नाही. कॉलेजात गुणपत्रिका दाखवली की काम होतं. इथे मुलाच्या अभ्यासापेक्षा मुलगाच तपासला जात असतो. वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर जेवणारे, प्रार्थना करणारे, त्याला आजारपणात आणि रागात पाहिलेले प्रशिक्षक दीक्षेच्या वेळी त्याच्याविषयी ग्वाही देतात. त्याचा एक आध्यात्मिक मार्गदर्शक असतो. त्याच्याजवळ बोललेलं बाहेर जात नाही, त्यामुळे ते कागदावर उतरवून पुढच्या मार्गदर्शकाला देताही येत नाही. सेमिनरी बदलली की हे सगळं शून्यापासून सुरू. त्यात तुम्ही ज्या सेमिनरीतून आलात तिच्यावर बेशिस्तीचा शिक्का बसलेला. नवे रेक्टर कितीही उदार असले, तरी सान राफाएलहून आलेल्या मुलाकडे त्यांची नजर थोडी रोखलेलीच राहणार. मुलाने मिस्साच्या वेळी जिभेवर कम्युनियन घेतलं, तर ती त्याची भक्ती की त्याचं राजकारण? साध्या कृतीलाही अर्थ चिकटू लागतो. कोणत्याही तरुणाने असल्या नजरेखाली पाच-सहा वर्षं काढून पाहावीत.

भारतातल्या कॅथलिकांना सेमिनरीच्या स्थलांतराचा एक अगदी वेगळा अनुभव आहे. १८९३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी भारतीय उपखंडासाठी श्रीलंकेतल्या कँडी इथे सेमिनरी स्थापन केली. स्थापनेमागची भूमिका स्वच्छ होती: या देशाच्या तारणाचे सेवक याच देशाचे पुत्र असावेत, युरोपातून धर्मगुरू मागवत राहणं पुरे. श्रीलंका आणि भारत वेगळ्या वाटांनी स्वतंत्र झाले, आणि १९५५ मध्ये ही पेपल सेमिनरी पुण्याला आली. नगर रस्त्यावर ती आजही उभी आहे. देशभरच्या धर्मप्रांतांतली मुलं तिथे शिकतात. तिथे संस्था हलली, पण संस्था म्हणून हलली. नाव, परंपरा, आठवणी, सगळ्यासकट. सान राफाएलमध्ये संस्था विरघळवली गेली आणि मुलं सुटी सुटी पाठवली गेली. या दोहोंत फरक आहे, आणि सान राफाएलचे पालक ज्यासाठी भांडत होते तो फरक नेमका हाच असावा. मुलगा दूर गेल्याचं दुःख कोणालाही असतंच. पण आपल्या गावात आपला धर्मगुरू घडतो, सुट्टीत तो आपल्याच चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतो, ही सवय मोडली की चर्च पुन्हा बाहेरचं वाटू लागतं.

तरीही रोमच्या बाजूचा विचार केल्याशिवाय हे प्रकरण न्यायाने मांडता येणार नाही. मुलांची संख्या जास्त म्हणजे सेमिनरी उत्तम, असं समीकरण मांडायला रोम आता तयार नाही, आणि त्याला कारणं आहेत. अर्जेंटिनाच्या शेजारच्या पाराग्वेत सिउदाद देल एस्ते इथे बिशप रोहेलिओ लिव्हिएरेस यांनी देशातल्या इतर बिशपांना डावलून स्वतःची सेमिनरी काढली आणि ती तुडुंब भरवली. जुलै २०१४ मध्ये व्हॅटिकनने चौकशी लावली, नव्या दीक्षा थांबवल्या, आणि सप्टेंबरमध्ये बिशपनाच पदावरून दूर केलं. ऑस्ट्रियात सांक्ट प्योल्टनची सेमिनरी २००४ मध्ये तिथल्या गैरप्रकारांमुळे बंद करावी लागली. तिथल्या मुलांना दुसरीकडे प्रवेश देण्याआधी प्रत्येकाची वेगळी तपासणी झाली. आणि जून २०२२ मध्ये फ्रान्समधल्या फ्रेज्यूस-तुलों धर्मप्रांतात दीक्षाविधी तोंडावर आला असताना चार भावी धर्मगुरू आणि सहा भावी डीकन यांच्या दीक्षा रोमने स्थगित केल्या. तिथेही सेमिनरी गजबजलेली होती, तिथेही पारंपरिक वळणाच्या मुलांची गर्दी होती.

त्या वेळचे पोप फ्रान्सिस स्वतः अर्जेंटिनाचे. १९८० ते १९८६ या काळात ते ब्वेनोस आयरेसजवळच्या सान मिगेल इथल्या जेझुइटांच्या विद्यालयाचे रेक्टर होते, त्यामुळे तरुण घडवण्याचं काम त्यांनी जवळून केलेलं. वाईट घडण झाली तर सेमिनऱ्यांतून छोटे राक्षस बाहेर पडतील, असं ते उघडपणे बोलले होते. शिस्तीच्या, काटेकोरपणाच्या आड काही मुलं स्वतःचं अस्थिर मन लपवतात, ही त्यांची नेहमीची तक्रार होती. एकाच सुरात बोलणारं, बाहेरचा वारा न लागलेलं विद्यालय त्यांच्या दृष्टीने धोक्याचं होतं. मुलांना विखुरलं तर त्यांना दुसरे प्रशिक्षक, दुसरे सोबती, दुसऱ्या प्रकारचं चर्च दिसेल, हा विचार वाईट नाही. मीही एका मर्यादेपर्यंत तो मान्य करीन.

पण मग कारण तसं द्यायला हवं होतं. मुलांची घडण एकांगी होतेय, असं म्हणायचं होतं तर चौकशी लावायची, अहवाल मागवायचा, बाहेरचा रेक्टर आणि बाहेरचे प्रशिक्षक आणायचे. चर्चकडे हे सगळे उपाय आहेत आणि ते वापरल्याची उदाहरणंही आहेत. जाहीर झालेलं कारण दुसरंच होतं: धर्मगुरू ऐकत नाहीत, म्हणून सेमिनरी बंद. यात दोष एकाचा आणि भोग दुसऱ्याचा. ब्रदरांनी कम्युनियन कसं द्यायचं हे ठरवलं नव्हतं. दीक्षा नसलेल्या मुलाच्या हाती तो निर्णय असतच नाही. शिवाय यातून धर्मगुरूंना जो धडा शिकवायचा होता, तोही उलटाच गेला. बिशपची आज्ञा मोडली तर बिशप आपल्यापर्यंत पोचू शकत नाही, तो मुलांपर्यंत पोचतो, हे सगळ्यांना दिसलं.

२०२० संपता संपता सेमिनरीचे वर्ग थांबले आणि मुलं सामान बांधून निघाली. ती कागदोपत्री सान राफाएलचीच उमेदवार राहिली. कुठेही शिकली तरी त्यांना दीक्षा द्यायची की नाही, याचा शेवटचा शब्द सान राफाएलच्या बिशपचाच. म्हणजे ज्या बिशपशी आपल्या गुरूंचं पटत नाही, त्याच्याकडेच दूरच्या गावाहून पत्रं आणि अहवाल जाणार, आणि त्या अहवालांवर आपलं पुढचं आयुष्य ठरणार. यातून एखाद्याला वाटलं की आपण दुसरा धर्मप्रांत गाठावा, तर तीही वाट सरळ नाही. एका सेमिनरीतून निघालेल्याला दुसरीकडे घेताना आधीच्या वरिष्ठांचं पत्र लागतं, विशेषतः तो का निघाला याविषयीचं. 'सेमिनरीच बंद झाली' हे कारण कायद्याच्या चौकटीत बसतं, पण वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहतोच.

सेमिनरी बंद करूनही धर्मप्रांत शांत झाला नाही. धर्मगुरू आणि बिशप यांच्यातली तेढ तशीच राहिली. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ताउसिग यांचा राजीनामा स्वीकारला. बिशपचं राजीनामा देण्याचं वय ७५. ताउसिग यांनी तेव्हा सत्तरीही गाठली नव्हती. मेंदोसाचे साहाय्यक बिशप मार्सेलो मात्सितेली यांच्याकडे कारभार तात्पुरता सोपवण्यात आला आणि नवा बिशप नेमला जायला २०२३ उजाडलं. रोमने ज्याची आज्ञा उचलून धरली तो बिशप गेला. ज्यांनी ती मोडली त्या धर्मगुरूंपैकी बहुतेक जण आपापल्या धर्मग्रामांत राहिले. आणि इतर शहरांतल्या सेमिनऱ्यांत बसून अभ्यास करणाऱ्या मुलांच्या दीक्षेच्या अर्जांवर आता सही करणार होता तो त्यांना अजून न भेटलेला माणूस.